'नको' म्हणण्याचा सराव
(पालक-पाठ : सहावी ते आठवीच्या मुलांच्या घरांसाठी)





या वेळचा पाठ मुलांबद्दल आहे, पण अभ्यास आपल्याला करायचा आहे. विषय असा, की सहावी, सातवी, आठवीतल्या मुलांना नशेच्या वस्तूंना 'नको' म्हणायला कसं शिकवायचं. कोणी म्हणेल, "आपल्या घरात कशाला हा विषय? आपली मुलं तशी नाहीत." खरंच, तशी नाहीत. म्हणूनच आत्ता शिकवायचं. पोहणं शांत पाण्यात शिकतात, पुरात पडल्यावर नाही.

पाठ जरा मोठा आहे. दोन बैठकींत वाचलात तरी चालेल. शेवटचा गृहपाठ मात्र सोडू नका.

*१. हेच वय का?*

पाचवीपर्यंत मूल आपल्या बोटाला धरून असतं. सहावीपासून चित्र बदलतं. कोचिंग सुरू होतं, सायकल मिळते, खिशात दहा-वीस रुपये येतात. शाळेच्या व्हॅनमध्ये अकरावीतला भैया शेजारी बसतो. आईच्या मतापेक्षा मित्राचं मत मोठं वाटायला लागतं. यात वाईट काही नाही, मूल मोठं होतंय एवढंच. पण याच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी पुढे करतं.

आणि ते पुढे करणारं माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतं. सीनियर असतो, मावसभाऊ असतो, क्रिकेटच्या टीममधला मोठा मुलगा असतो, लग्नघरात गच्चीवर जमलेला घोळका असतो. "अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस" हे आपण मुलांना चौथ्या वर्षापासून सांगतो. ओळखीच्या, आवडत्या, हसतमुख माणसाने दिलं तर काय करायचं, हे सहसा कोणीच सांगत नाही.

*२. नुसत्या भाषणाने का भागत नाही?*

याचा मोठा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९८३ साली लॉस एंजेलिस शहरात पोलीस आणि शाळा यांनी मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गात यायचे, नशेचे दुष्परिणाम सांगायचे, मुलांकडून निश्चय करून घ्यायचे. पालक खूश, शिक्षक खूश. बघता बघता कार्यक्रम देशभर पसरला. मग अभ्यासकांनी हा कार्यक्रम झालेली मुलं आणि न झालेली मुलं यांची तुलना केली. वेगवेगळ्या अभ्यासांत जवळजवळ एकच उत्तर आलं : मुलांची माहिती वाढली होती, पण नशेच्या वस्तू वापरण्यात फारसा फरक पडला नव्हता.

असं का व्हावं? तंबाखूने कॅन्सर होतो हे मुलांना पाठ असतं. पुडीवर चित्रही छापलेलं असतं. पण ज्या क्षणी मित्र हात पुढे करतो, त्या क्षणी मुलाच्या मनात कॅन्सर नसतो. "नाही म्हटलं तर हे हसतील का? उद्यापासून मला खेळायला घेतील का?" हा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं उत्तर भाषणात नसतं.

कॉर्नेल विद्यापीठातले गिल्बर्ट बॉटविन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी सातवीच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम बसवला त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, स्वतःला सांभाळणं : राग, भीती, घाबरेपणा आला तर काय करायचं, निर्णय कसा घ्यायचा. दुसरी, माणसांत वावरणं : बोलायला सुरुवात कशी करायची, मैत्री कशी जोडायची, आपलं म्हणणं न भांडता कसं मांडायचं. आणि तिसरी, दबाव ओळखून नकार देणं. हे सगळं मुलांनी वर्गात प्रत्यक्ष करून बघायचं, आणि आठवी-नववीत पुन्हा उजळणी करायची. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांतल्या मुलांना बारावीत गाठून तपासलं, तेव्हा हा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांत नशेचं प्रमाण कमी आढळलं, आणि जिथे तो पूर्ण शिकवला होता तिथे फरक जास्त स्पष्ट होता. हा अहवाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. पुढे 'डेअर'नेही २००९ मध्ये आपला जुना अभ्यासक्रम बदलून सरावावर भर देणारा अभ्यासक्रम घेतला. त्याच्याकडे आपण पाठाच्या पुढच्या भागात येणारच आहोत.

*३. आपल्या देशातला अनुभव*

परदेशातलं परदेशात राहू दे असं वाटत असेल तर दिल्ली आणि चेन्नईकडे बघू. २००४ ते २००६ या दोन वर्षांत या दोन शहरांतल्या ३२ शाळांमध्ये 'मैत्री' नावाचा प्रकल्प झाला. सहावी आणि आठवीत असलेली १४ हजारांहून अधिक मुलं त्यात होती. विषय तंबाखूचा.

सुरुवातीच्या पाहणीतच एक धक्का बसला. तंबाखूचा वापर आठवीपेक्षा सहावीतल्या मुलांनी जास्त सांगितला. म्हणजे "अजून लहान आहे, दोन वर्षांनी बोलू" हे आपलं गणितच चुकतं.

निम्म्या शाळांत कार्यक्रम राबवला. वर्गात खेळ, गटचर्चा आणि सराव असायचा. पुढाकार घेणारी मुलं त्याच वर्गातली असायची. भिंतीवर पोस्टर लागायचे, आणि पालकांनाही सामील करून घेण्यासाठी घरी पत्रं जायची. दोन वर्षांनंतर ज्या शाळांत कार्यक्रम झाला नव्हता तिथे तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जिथे झाला होता तिथे तो १७ टक्क्यांनी कमी झाला होता.

यातून आपण तीन गोष्टी उचलायच्या : लवकर सुरुवात, मुलांकडूनच करून घेणं, आणि घराचा सहभाग. तिसरी गोष्ट शाळा आपल्या वतीने करू शकत नाही.

*४. "सगळेच घेतात" : हा हिशोब मुलांबरोबर करा*

मुलांना विचारा, "तुझ्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती मुलं तंबाखू, गुटखा, सिगरेट यातलं काही घेत असतील?" चाळीस, पन्नास, साठ अशी उत्तरं येतील. भारतात २०१९ साली १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी झाली. त्यात तंबाखूचा कोणत्याही प्रकारे वापर करणारी मुलं निघाली ८.५ टक्के. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव मुलं घेत नाहीत. घेणारे उठून दिसतात, न घेणारे मुकाट असतात, म्हणून हिशोब उलटा वाटतो.

हा आकडा मुलाला पाठ करायला लावू नका. आधी त्याला अंदाज करू द्या, मग सांगा. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्यच पुढे कामाला येतं. उद्या कोणी म्हटलं, "सब लेते हैं," तर त्याच्या मनात उत्तर तयार असेल.

*५. पुढे काय केलं जातं, हेही माहीत हवं*

भीती घालायला नाही, ओळख पटावी म्हणून सांगते.

गोड सुपारी आणि पानमसाला यांना आपण नशेत धरतच नाही, पण पुडी फाडून तोंडात टाकायची सवय तिथेच लागते. ई-सिगरेट म्हणजे व्हेप दिसायला पेनासारखं किंवा पेनड्राइव्हसारखं असू शकतं, त्याला फळांचा वास येतो. २०१९ च्या कायद्याने देशात त्याची विक्री, साठा आणि जाहिरात सगळंच बंद आहे, तरी चोरून मिळतं. आणि तिसरी गोष्ट हुंगण्याच्या वस्तू : व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर. २०१९ च्या सरकारी अहवालात, ज्याचं काम दिल्लीच्या एम्सने केलं, हुंगण्याच्या वस्तूंचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के आलं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला नशेचा हा एकच प्रकार. कारण उघड आहे. या वस्तू स्टेशनरीच्या दुकानात आणि घरातल्या खणात असतात.

आपण सगळे वेगवेगळ्या गावचे आहोत. निपाणी, चिकोडी भागातल्या मंडळींच्या शेतातच तंबाखू पिकतो, घरं त्यावर उभी राहिली आहेत. गोव्यात दारूचं दुकान किराणा दुकानाइतकंच डोळ्यांसमोर असतं. बडोद्यात दारूबंदी आहे, पण बंदी आहे म्हणून मुलाला सराव नको असं होत नाही. आमच्या माळव्यात मंदसौर, नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. तेव्हा मुलांशी बोलताना आपल्या गावात जे दिसतं त्याबद्दल बोला. आणि मेहनत करणाऱ्या शेतकऱ्याला नावं ठेवू नका. मुलाच्या वर्गात त्या घरातलंही मूल असतं.

बोलताना एक पथ्य : वस्तूचं नाव घ्या, धोका सांगा, वापरायची पद्धत सांगू नका.

*६. पंगतीतला आग्रह*

आता या पाठाचा गाभा. जरा शांतपणे वाचा.

आपली पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढणारा जिलबी घेऊन येतो.
"एक घ्याच."
"नको हो, झालं."
"एकाने काय होतंय?"
"खरंच नको."
"सगळ्यांनी घेतली, तुम्हीच राहिलात. माझ्यासाठी घ्या!"

आता याच ओळी कोचिंगबाहेर उभ्या असलेल्या भैयाच्या तोंडी घाला. "एक ले ले." "एक से क्या होता है?" "सबने लिया, तू ही बचा है." "दोस्ती की खातिर ले ले यार."

ओळी त्याच आहेत की नाही?

आग्रह ही आपली चांगली रीत आहे, त्यात माया आहे. पण मुलाच्या बाजूने बघा. तो ताटावर हात आडवा धरतो आणि आपण हसत हसत बोटांच्या फटीतून वाढतो. तो "नको" म्हणतो, आपण म्हणतो, "लाजतोय." वर्षानुवर्षं त्याला हेच कळत जातं की 'नको' या शब्दाला किंमत नाही, समोरच्याने चारदा म्हटलं की घ्यायचंच असतं. मग तेराव्या वर्षी घराबाहेर त्याच शब्दाने आपलं रक्षण करावं अशी आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो.

दुसरी गोष्ट आज्ञाधारकपणाची. "मोठ्यांना उलट बोलू नये, मोठे सांगतील ते करावं" असं आपण शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यापुढे एक वाक्य जोडायला हवं : *"मोठ्याने एखादी गोष्ट आईबाबांपासून लपवायला सांगितली, तर ती गोष्ट ऐकायची नाही, मग तो कोणीही असो."* लहान मुलाला चांगलं-वाईट दर वेळी ओळखता येईलच असं नाही. लपवायला सांगितलं की नाही, हे मात्र नक्की ओळखता येतं.

म्हणून आजपासून घरात मुलाचा साधा 'नको' पाळायचा. दुसरी पोळी नको म्हणाला, नको. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला नको म्हणाली, नको. अभ्यास, दात घासणं, औषध यात सूट नाही, ते वेगळं. पण जिथे त्याच्या 'नको'ने काही बिघडत नाही तिथे तो मोडू नका. आजी-आजोबांना हे जड जाईल, मला कल्पना आहे. त्यांना प्रेमाने समजवा.

*७. नकाराच्या चार वाटा*

'डेअर'ने २००९ मध्ये जो अभ्यासक्रम घेतला तो अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात तयार झाला होता. तिथल्या अभ्यासकांनी मुलांनाच विचारलं, "तुम्हाला कोणी दिलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" त्या उत्तरांतून चार वाटा निघाल्या. त्या आपल्या भाषेत अशा :

*सरळ नकार.* छोटं वाक्य, स्पष्ट आवाज. "नको. मी घेत नाही." त्यात सॉरी नाही, लांबण नाही. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. नवीन वाक्य काढलं की समोरच्याला नवीन मुद्दा मिळतो.

*कारण सांगून नकार.* "उद्या मॅच आहे, मला धावायचंय." "माझ्या आजोबांना यामुळेच त्रास झाला." "घरी कळलं तर माझं खेळणं बंद होईल." हे शेवटचं कारण मुलांना बिनधास्त वापरू द्या. वाईटपणा आईबाबांनी घ्यायचा. मुलाला सांगून ठेवा, "सगळं माझ्यावर ढकल. माझी आई फार कडक आहे असं सांग." कारण खरं असावं मात्र, म्हणजे ते सांगताना आवाज डळमळत नाही.

*टाळणं.* कुठे, कधी, कोण हे माहीत झालं की ती जागा, ती वेळ टाळायची. कोचिंग सुटल्यावर मागच्या गल्लीतून न येता मुख्य रस्त्याने यायचं. लग्नात गच्चीवरच्या घोळक्यात जायचं नाही. याला पळपुटेपणा म्हणत नाहीत, हे मुलाला आपल्या तोंडून कळू द्या.

*निघून जाणं.* बोलणं वाढलं की उभं राहायचं, निघायचं. निरोप घेण्याची गरज नाही.

चारही वाटा सगळ्या मुलांना सारख्या जमत नाहीत. बोलक्या मुलीला सरळ नकार सोपा जाईल, बुजऱ्या मुलाला निघून जाणं. ज्याला जे जमेल ते त्याचं. "अरे, स्पष्ट बोलायला काय होतं तुला?" असं म्हणू नका.

*८. सराव कसा घ्यायचा?*

*कोण काय बोलणार :* देणाऱ्याची भूमिका आई, बाबा, काका किंवा मोठी बहीण यांनी करायची. मुलाने नेहमी नकार देणाऱ्याचीच करायची. जे तोंडात बसवायचं तेच त्याच्याकडून वदवून घ्या.

*कोणत्या भाषेत :* हा मुद्दा आपल्यासारख्यांसाठी फार महत्त्वाचा. आपण घरात मराठी बोलतो, पण मुलाला बाहेर कोणी मराठीत विचारणार नाही. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत विचारतील, बेळगावात कन्नडमध्ये, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादला तेलुगूत किंवा दखनीत. मराठीत घोकलेलं वाक्य त्या क्षणी तोंडावर येणार नाही. म्हणून सराव त्या त्या भाषेत घ्या. "नहीं भैया, मैं नहीं लेता." "बेडा अण्णा." "ना, मारे नथी जोईतुं." "वद्दु अन्ना." गोव्यात "म्हाका नाका." आपल्याला ती भाषा नीट येत नसेल तर मुलालाच शिकवायला सांगा. मुलं फार खूश होतात.

*किती वेळ :* आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. जेवणानंतर, हसतखेळत. लांबलं की तो तास होतो, मग मुलं पळतात.

*कशी सुरुवात :* आधी निरुपद्रवी वस्तूने. आईने कारल्याची भाजी घेऊन एक मिनिट आग्रह करायचा, मुलाने न चिडता, खोटं न बोलता, न हसता नकार देत राहायचं. हा खेळ रंगतो. मग तोच खेळ पुढे न्या : "आता मी व्हॅनमधला भैया."

आमच्या रविवारच्या बालवर्गात आम्ही हा खेळ घेतो. एकदा मी भैया झाले होते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही असं विचारताय ना, तसं ते विचारत नाहीत. ते जास्त बोलतच नाहीत. 'रहने दे, बच्ची है' म्हणतात आणि हसतात." सगळी मुलं एकदम "हो, हो" म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही हसण्याचाही सराव घेतो. चार जणांनी हसायचं आणि एकाने मान ताठ ठेवून, "ठीक है, बच्ची ही सही," म्हणून चालू लागायचं. पहिल्या वेळी मुलं लाल होतात. चौथ्या वेळी त्या हसण्याची धार गेलेली असते.

त्याच वर्गात एका मुलाने विचारलं, "आणि मग तो माझ्याशी बोललाच नाही तर?" हा प्रश्न मुलं आपल्यालाही विचारतील. "तसा मित्र काय कामाचा!" असं पटकन बोलून मोकळे होऊ नका. त्या मुलासाठी तो एकुलता एक मित्र असू शकतो. खरं उत्तर द्या : "होऊ शकतं तसं. वाईट वाटेल. तेव्हा आपण दोघं मिळून बघू." आणि मुलाला एकाच मित्रावर, एकाच घोळक्यावर अवलंबून ठेवू नका. शाळेचा एक मित्र, कॉलनीतला एक, तबल्याच्या क्लासमधला एक, बालवर्गातला एक, अशी दोन-तीन दारं उघडी असली की एक दार बंद व्हायची भीती कमी होते. दोन मित्रांनी मिळून आधीच ठरवलं असेल की "आपण दोघं घ्यायचं नाही," तर नकार अर्धा सोपा होतो. अशी जोडी जमवायला मदत करा.

*९. घराची खूण*

प्रत्येक घराने एक वाक्य ठरवावं. उदाहरणार्थ, मुलाने फोनवर विचारलं, "आजीने औषध घेतलं का?" तर त्याचा अर्थ "मला इथून घेऊन जा." मग आपण मोठ्या आवाजात म्हणायचं, "लगेच घरी ये, काम आहे," किंवा स्वतः आणायला जायचं. मूल स्वतःचा फोन बाळगत नसेल तर कोणाच्याही फोनवरून करू शकेल, म्हणून आपला नंबर त्याला पाठ असायला हवा. आज किती मुलांना आईचा नंबर पाठ आहे? विचारून बघा.

या खुणेची एक अट आहे, आणि ती आपल्याला पाळायची आहे : त्या रात्री चौकशी नाही, ओरडा नाही. "तू फोन केलास ते बरं केलंस" एवढंच. बाकीचं दुसऱ्या दिवशी, चहा-दुधाच्या वेळी. पहिल्याच वेळी वकिली केली तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

*१०. घेतलेलं आढळलं तर?*

कधी दप्तरात पुडी सापडते. कधी तोंडाला वास येतो, कपड्यांना थिनरचा वास येतो, पैसे हिशोबाला लागत नाहीत, मित्र एकदम बदलतात. एखाद्या खुणेवरून लगेच निष्कर्ष काढू नका, पण दुर्लक्षही करू नका.

एकटं गाठून विचारा. "हे मला सापडलं. मला काळजी वाटते. सांग." मग ऐका. एकदा घेतलं म्हणजे मूल बिघडलं असं नाही. नातेवाइकांत, या ग्रुपवरही, त्याची चर्चा नको. मुलाचं नाव राखणं हेही आपलंच काम. वारंवार होत असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना करा, नामस्मरण करा, आणि डॉक्टरांकडेही जा. यात विरोध काही नाही. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे १४४४६, आणि मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम मराठीत करतंय. मराठीत मोकळेपणाने बोलायला माणूस हवा असेल तर त्यांचं नाव लक्षात असू द्या.

कायदाही माहीत असावा. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ते विकायला बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शाळेजवळ टपरी असेल तर एकट्याने भांडायला जाऊ नका. चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या.

आणि आपल्या घरातलं? "जा रे, काकांना पुडी घेऊन ये" हे आजच बंद. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्यांना मुलांसमोर अपमानित करू नका, पण त्यांनी मुलाला जवळ बसवून एकदा सांगावं, "मला हे सुटत नाहीये. मी सुरू केलं तेव्हा तुझ्याएवढाच होतो." दहा भाषणांनी जे होत नाही ते या दोन वाक्यांनी होतं.

*या आठवड्याचा गृहपाठ*

१. एक दिवस असा, की घरात कोणीही कोणाच्या ताटात विचारल्याशिवाय वाढायचं नाही. 'नको' एकदाच ऐकायचं.
२. "शंभरातली किती मुलं?" हा अंदाज मुलांकडून घ्या, मग खरा आकडा सांगा.
३. कारल्याचा खेळ, एक मिनिट. नंतर भैयाचा खेळ, बाहेरच्या भाषेत.
४. घराची खूण ठरवा आणि मुलाकडून नंबर पाठ करून घ्या.

बैठकीत बोलायला दोन प्रश्न : आपल्या घरात मुलाचा कोणता 'नको' आपण नेहमी मोडतो? आणि आपल्या मुलाला चार वाटांपैकी कोणती जमेल असं वाटतं?

अनुभव ग्रुपवर जरूर लिहा, मुलांची नावं न घालता. मोठा लेख नको, दोन ओळी पुरेत. कोणाच्या मुलाने आग्रहात आईला हरवलं तर ते तर आवर्जून कळवा.

आपली नम्र,
बालवर्गाची एक ताई, इंदूर 🙏